टीव्हीवर थ्रीडी गेम खेळायचे आहेत, कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

टेकडीरोड (धागाकर्ता)

मंडळी, काका पुण्याला शिफ्ट झाले आणि जाताना त्यांचा ४७ इंची एलजी टीव्ही आमच्या मनीषनगरच्या घरी ठेवून गेले. २०१२ चं मॉडेल, फुल एचडी आणि मुख्य म्हणजे थ्रीडी. सोबत थिएटरात मिळतात तसले बिनबॅटरीचे चार चष्मे आहेत. रिमोटवर थ्रीडीचं बटण बघितल्यापासून भाचा मागे लागलाय की मामा यावर गेम लाव.

माझ्याकडे आय५-१०४०० आहे, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), विंडोज ११ आणि जुनं जीटीएक्स ७५० टीआय. कार्ड तसंही बदलायचंच होतं. बजेट एसएमपीएस धरून पंचवीस हजारांच्या आत-बाहेर, सेकंडहँड चालेल.

बर्डीवर (इथे नागपुरात, सीताबर्डीच्या बाजारात) चौकशी केली तर एक म्हणाला, "थ्रीडी का जमाना गया भैया, अब कोई कार्ड सपोर्ट नहीं करता." दुसऱ्याने क्वाड्रो (एनव्हिडियाचं व्यावसायिक कामाचं कार्ड) घ्यायला सांगितलं. कार्डाच्या खोक्यावर तर थ्रीडीचं नावही नसतं. नेमकं बघायचं काय?

थोडक्यात_सांगा

व्हीआर हेडसेट घ्या. विषय संपला.

टेकडीरोड

घरात चार डोकी आहेत, दोघांना नंबरचा चष्मा आहे आणि मे महिना तोंडावर आलाय. नागपूरच्या मे महिन्यात तोंडाला ते धूड बांधून कोण बसणार? शिवाय टीव्ही फुकटात आलाय.

ध्रुवित

क्वाड्रो आधी डोक्यातून काढा. ती कार्डं सीएडी, मेडिकल इमेजिंग अशा ओपनजीएलवर चालणाऱ्या कामांसाठी स्टिरिओ (दोन डोळ्यांना दोन चित्रं) देत. गेमला त्याचा उपयोग नाही.

खोक्यावर थ्रीडी का लिहिलेलं नसतं, तर हल्ली दोन डोळ्यांची दोन चित्रं तयार करणं हे कार्डाचं काम राहिलेलं नाही, सॉफ्टवेअरचं झालंय. पूर्वी एनव्हिडियाचं थ्रीडी व्हिजन ड्रायव्हरमध्येच (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच) असायचं आणि टीव्हीसाठी थ्रीडीटीव्ही प्ले नावाचं वेगळं प्रकरण होतं. एएमडीकडे एचडी३डी होतं, पण खरं काम ट्रायडेफ आणि आयझेड३डी ही बाहेरची सॉफ्टवेअरं करायची. ती दोन्ही बंद पडली. एनव्हिडियाने २०१९ मध्ये थ्रीडी व्हिजन गुंडाळलं आणि ४२५.३१ हा ते असलेला शेवटचा ड्रायव्हर ठरला. तुमचा दुकानदार त्या अर्थाने खोटं बोलला नाही, फक्त त्यानंतर काय झालं ते त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही.

आता तुमच्या टीव्हीकडे या, कारण कार्ड त्यावरून ठरतं. बिनबॅटरीचे चष्मे म्हणजे पॅसिव्ह. पडद्यावर ध्रुवीकरणाची एक फिल्म कायमची चिकटवलेली असते. एक आडवी ओळ डाव्या डोळ्याला, पुढची उजव्या. १०८० ओळींपैकी प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ५४० येतात. हे टीव्हीच्या काचेतच ठरलेलं आहे, पन्नास हजारांचं कार्ड लावलं तरी ५४१ वी ओळ दिसणार नाही.

याचा फायदाही आहे. एचडीएमआय १.४ मध्ये दोन्ही डोळ्यांना पूर्ण चित्र देणारी पद्धत म्हणजे फ्रेम पॅकिंग. एकाखाली एक दोन पूर्ण फ्रेम, मध्ये ४५ ओळींची मोकळी पट्टी, एकूण १९२० बाय २२०५. पण ती १०८० ला सेकंदाला फक्त २४ फ्रेमवर चालते. ६० फ्रेम हव्या तर ७२० वर उतरावं लागतं. अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीचे शटर चष्मे लागणाऱ्या) टीव्हीवाल्यांची गेमिंगमधली मुख्य रड हीच. तुम्हाला ती लागू नाही. तुम्ही टॉप-बॉटम वापरायचं, म्हणजे वरच्या अर्ध्यात डावं आणि खालच्या अर्ध्यात उजवं चित्र. उभ्यात दाबल्याने प्रत्येकी ५४० ओळी राहतात आणि तुमचा टीव्ही तेवढ्याच दाखवतो. शिवाय १०८०, ६० फ्रेम, साध्या एचडीएमआय केबलवर.

साइड-बाय-साइड (दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी) मात्र टाळा. त्यात आडवे पिक्सेलही अर्धे होतात आणि ओळी टीव्ही अर्ध्या करतो, हातात पाव चित्र उरतं. बहुतेक जण रिमोटवरचा पहिला पर्याय म्हणून तेच लावतात आणि मग थ्रीडी धूसर दिसतं म्हणून सांगत फिरतात.

कार्ड किती ताकदीचं, तर प्रत्येक डोळ्यासाठी पूर्ण १०८० काढून मग ते दाबलं जातं. दोन डोळे मिळून एका फ्रेमला साधारण ४१ लाख पिक्सेल. १४४० पी मध्ये ३७ लाख असतात, फोरकेमध्ये ८३ लाख. म्हणजे कोणत्याही कार्डाच्या चाचण्या बघताना १०८० चे आकडे सोडा, १४४० चे बघा आणि त्यातून थोडं वजा करा. ड्रॉ कॉलही (प्रोसेसरने कार्डाला दिलेले चित्र काढायचे हुकूम) दुप्पट होतात, तेव्हा प्रोसेसरवर ताण येतो. १०४०० ला तो झेपेल.

टेकडीरोड

दंडवत घ्या. एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे ७५० टीआय बाद?

ध्रुवित

नव्या गेमसाठी बाद. पण पैसे टाकण्याआधी त्याच कार्डावर थ्रीडी लावून बघा, घरच्यांना सोसतं का ते कळेल. रीशेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सुपरडेप्थ३डी हा शेडर (चित्रावर प्रक्रिया करणारा छोटा प्रोग्रॅम) टाका. जुना हलका गेम घ्या. हा शेडर दृश्य दोनदा काढत नाही. गेमकडे प्रत्येक पिक्सेल किती लांब आहे याचा नकाशा असतोच, त्यावरून तो दुसऱ्या डोळ्याचं चित्र रचतो. त्यामुळे कार्डावर भार थोडाच. २०११ च्या क्रायसिस २ मध्ये थ्रीडी आतच दिलेलं होतं, तेही याच जातीचं.

खोली दिसते, पण पात्रांच्या कडेला पाण्यासारखी थरथर येते आणि काच, धूर, जाळी यांची खोली चुकते. ऑनलाइन गेममध्ये मात्र हे वापरू नका. रीशेड नेटवर्क चालू दिसलं की तो नकाशा वाचणं आपणहून बंद करतं, आणि ते बंधन नसलेली आवृत्ती अँटीचीटच्या (फसवेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) तावडीत सापडू शकते.

शटरबहाद्दर

वरचा प्रतिसाद उत्तम, पण सुपरडेप्थला थ्रीडी म्हणणं म्हणजे कढीला बासुंदी म्हणणं. खरं थ्रीडी म्हणजे दोन कॅमेरे, दोन वेळा काढलेलं दृश्य.

माझ्याकडे पॅनासॉनिकचा प्लाझ्मा आहे, शटरचे चष्मे, आणि त्याला जोडलेलं जीटीएक्स १०८०. विंडोज १० वेगळ्या एसएसडीवर, ड्रायव्हर ४२५.३१, इंटरनेट तोडलेलं. ७२० ला ६० फ्रेमवर खेळतो आणि मला काही कमी वाटत नाही, प्लाझ्मावर ७२० देखणं दिसतं. हेलिक्समॉड या साइटवर शेकडो गेमच्या दुरुस्त्या पडून आहेत. सावल्या एकाच डोळ्यात येणं, पाण्यावरचं प्रतिबिंब भलत्याच खोलीवर जाणं असले दोष लोकांनी एकेक शेडर उघडून काढलेत.

तेव्हा माझं मत जीटीएक्स १०७० किंवा १०८०. मात्र २०१९ च्या एप्रिलनंतर आलेली कार्डं त्या ड्रायव्हरच्या यादीतच नाहीत. १६६० टीआय चालेल, १६६० सुपर नाही. आरटीएक्स २०६० चालेल, २०६० सुपर नाही. बर्डीवर "भैया एकही बात है" म्हणून सुपर गळ्यात मारतील, सांभाळा.

ध्रुवित

> माझं मत जीटीएक्स १०७० किंवा १०८०

तुमच्या प्लाझ्मासाठी बरोबर, यांच्यासाठी नाही. ते विंडोज ११ वर आहेत. विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. निव्वळ थ्रीडीसाठी दुसरी विंडोज सांभाळायची, नवा गेम जुन्या ड्रायव्हरवर नखरे करणार, आणि डायरेक्टएक्स १२ (विंडोजवरच्या गेमचं ग्राफिक्स तंत्र) तर थ्रीडी व्हिजनला कधी आलंच नाही.

शिवाय हेलिक्समॉडच्याच मंडळींनी २०२२ मध्ये जिओ-११ हे सॉफ्टवेअर आणलं. तेही दोनदा काढलेलं, तुमच्या व्याख्येतलं खरं थ्रीडी, पण एनव्हिडियाच्या त्या मेलेल्या ड्रायव्हरवर अवलंबून नाही. नव्या ड्रायव्हरवर, विंडोज ११ वर चालतं. टॉप-बॉटम, साइड-बाय-साइड, ओळीआड ओळ, जे हवं ते एका आयएनआय फाइलीत लिहायचं. अट एकच, गेम डायरेक्टएक्स ११ चा हवा आणि त्याची दुरुस्ती कुणीतरी केलेली हवी.

शटरबहाद्दर

जिओ-११ मान्य. डायरेक्टएक्स ९ च्या जुन्या खजिन्याचं काय? तो माझ्याकडेच उत्तम चालतो.

ध्रुवित

ते मात्र खरं.

बंटी_बर्डीवाला

भाऊ लोक, तुमची थेरी चालू द्या, मी मालाचं बोलतो. सेकंडहँड कार्डाईचंच काम करतो म्हून सांगून राहिलो.

२५ च्या आतबाहेर एसएमपीएस धरून ३०६० ची १२ जीबी जुनी भेटते. पण ३०६० चा ८ जीबीवाला पण येते, तो १२८ बिटचा हाय, १२ वाला १९२ बिटचा. नाव तेच, खोकं तसंच, दम कमी. जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवनारं सॉफ्टवेअर) टाकून पाह्यल्याशिवाय पैसे देऊ नका. आरएक्स ५८० घेत असान तं त्यातई २०४८ एसपी नावाचा एक हाय, तो खरा ५८० नाई.

दुसरं म्हणजे माइनिंगचा माल. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं माइनिंग बंद झालं अन् लोकाईनं पोतेच्या पोते कार्डं विकले. माइनिंगचं कार्ड खराबच असते असं नाई, पण पंखे अन् थर्मल पॅड झिजलेले असतात. दुकानातच अर्धा तास लोड देऊन पाहा. कोर टेम्परेचर सगळेच पाह्यतात, हॉटस्पॉट, म्हंजे चिपचा सगळ्यात तापलेला भाग, कोनी पाहत नाई. दोघाईत वीस-पंचवीस डिग्रीच्या वर फरक दिसला तं पेस्ट गेला समजा. बिल असन तंच घ्या.

अन् ६५०० एक्सटीच्या नादी लागू नका. बोर्डाशी बोलाले चारच लेन असलेलं कार्ड हाय, तुमच्या १०४०० च्या बोर्डावर पीसीआय ३ हाय, तिथं ते अजूनच मार खाते. इंटेल आर्क जुन्या डायरेक्टएक्सच्या गेममध्ये कच्चं निघालं होतं, तुमाले तं जुनेच गेम खेळाचे हायेत.

टेकडीरोड

बंटीभाऊ, एएमडीचं ६६०० कसं? १३२ वॅट आहे, माझ्या ४५० वर बसतं, एसएमपीएसचे पैसे वाचतील.

बंटी_बर्डीवाला

कार्ड फसक्लास. पण थ्रीडीचं मले विचारू नका, त्या चष्मेवाल्या भाऊले विचारा.

ध्रुवित

६६०० वर सुपरडेप्थ मजेत चालेल. मी तरी एनव्हिडियाकडे झुकेन, कारण जिओ-११ च्या दुरुस्त्या करणारे बहुतेक जण थ्रीडी व्हिजनमधून आलेले आहेत आणि त्यांच्याकडे एनव्हिडियाच असतं. काही अडलं तर तुमच्यासारखंच कार्ड असलेला माणूस लवकर सापडतो. एरवी दोन्हीत डावं-उजवं नाही.

वाळ्याचीताटी

उशिरा आले. धरमपेठेत राहते, एलजीचाच ५५ इंची फोरके पॅसिव्ह आहे, त्यावर आम्ही दोघं नवे गेम थ्रीडीत खेळतो. वर कुणी अनरियल या गेम बनवायच्या इंजिनाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितेय.

युईव्हीआर नावाचं मोफत सॉफ्टवेअर २०२४ च्या सुरुवातीला आलं. अनरियल ४ आणि ५ वर बनलेले साधे गेम ते व्हीआरमध्ये चालवतं. आणि व्हीआरटू३डी म्हणून एक ड्रायव्हर आहे, तो स्टीमव्हीआरला (व्हीआर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) हेडसेट जोडलाय असं भासवतो आणि चित्र टीव्हीला थ्रीडीत पाठवतो. दोन्हींची जोडी लावली की डायरेक्टएक्स १२ चे गेमही दोन खऱ्या कॅमेऱ्यांनी दिसतात. हेडसेट न घेता.

पण याला कार्ड चांगलं लागतं आणि व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) खातं. माझ्याकडे आधी ६ जीबीचं होतं, टेक्श्चर कमी केल्याशिवाय अडखळायचं. त्यामुळे ३०६० चं १२ जीबी हे माझ्याही मताने या बजेटात बरं. १७० वॅटचं आहे, कंपनी ५५० चा एसएमपीएस सांगते. ४०६० ला ११५ वॅटच लागतात, पण ८ जीबी.

आणि दादा, उन्हाळ्याचं कुणी विचारलंच नाही. खोलीत ३८-४० असलं की कार्डाचं तापमानही हिवाळ्यापेक्षा तेवढंच वर चढतं. स्टिरिओत कार्ड सतत शंभर टक्क्यांवर असतं, साध्या खेळात मिळते तशी उसंत मिळत नाही. मी पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर ठेवते. फ्रेम थोड्या जातात, पंख्याचा आवाज बराच जातो.

कूलरचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. उन्हाळा संपल्यावर कॅबिनेट उघडलं तर पुढच्या जाळीवर पांढरा खारट थर, बोटाने खरवडला तर पापुद्रा निघत होता. पंख्याच्या पात्यांच्या कडाही पांढऱ्या. आता कॅबिनेट कूलरच्या मागच्या भिंतीकडे असतं आणि जाळीला नायलॉनचा तुकडा लावलाय, तो दर रविवारी धुते.

थोडक्यात_सांगा

ताई, फोरके पॅसिव्हवर प्रत्येक डोळ्याला किती?

वाळ्याचीताटी

२१६० च्या निम्म्या, १०८० ओळी. रेघा अजिबात दिसत नाहीत. काकांनी फोरकेवाला ठेवला असता तर ह्यांचं भाग्य उजळलं असतं. पण तसे टीव्ही आता जुन्यातच मिळतात. सॅमसंगने २०१६ मध्ये आणि एलजी-सोनीने २०१७ मध्ये थ्रीडी सोडलं.

टेकडीरोड

अपडेट. रीशेड आणि सुपरडेप्थ ७५० टीआयवर लावलं. भाचा वेडा झालाय. आईने पाच मिनिटं बघितलं आणि "चक्कर येते रे" म्हणून उठली. मला स्वतःला एक अडचण दिसतेय. दिव्याचे खांब, पांढऱ्या कडा, चंद्र, सगळं दुहेरी. मुख्य चित्राशेजारी फिकट दुसरं. चष्मे खराब आहेत का? चारही लावून पाहिले.

ध्रुवित

कुठे बसून खेळताय?

टेकडीरोड

खाली गादी टाकून. टीव्ही शोकेसवर आहे, बराच वर.

ध्रुवित

तेच कारण. पॅसिव्ह टीव्हीतली फिल्म पिक्सेलच्या थोडी पुढे असते, मध्ये काचेची जाडी. समोरून बघाल तर प्रत्येक ओळ आपल्याच पट्टीतून दिसते. खालून किंवा वरून बघाल तर ती शेजारच्या पट्टीतून झिरपते आणि दुसऱ्या डोळ्याचं चित्र या डोळ्यात येतं. डावी-उजवीकडे कितीही सरका, फरक पडत नाही. उंची सांभाळा, डोळे पडद्याच्या मध्याच्या पातळीत. फार जवळही बसू नका, नाहीतर वरच्या-खालच्या कडांना तेच होईल.

टेकडीरोड

दिवाणावर बसलो. खांब एक झाला! परत हळूहळू खाली वाकलो तर आधी पडद्याच्या वरच्या कडेला दुसरी सावली उगवली आणि मग खाली सरकत आली. भाच्यासाठी दोन उश्या लागल्या.

आता आईचं बघतो.

ध्रुवित

आईंसाठी सेपरेशन (दोन डोळ्यांच्या चित्रांमधलं अंतर) कमी करा. दूरची वस्तू पाहताना दोन्ही डोळे समांतर असतात. त्यापेक्षा जास्त ते बाहेर फाकत नाहीत, जबरदस्ती केली की डोकं दुखतं. मोठ्या माणसाच्या बुबुळांमध्ये साधारण ६.३ सेंटिमीटर अंतर असतं. म्हणून पडद्यावर सर्वात लांबच्या वस्तूची दोन चित्रं त्यापेक्षा दूर नकोत. ४७ इंची पडदा १०४ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ११५ पिक्सेलच्या आसपास.

गेम अशा जागी थांबवा जिथे लांबवर डोंगर किंवा मनोरा आहे. चष्मा काढा. भाच्याच्या कंपासपेटीतली पट्टी पडद्यावर आडवी धरून दोन मनोऱ्यांमधलं अंतर मोजा. भाचाही खेळणार आहे आणि लहान मुलांचं अंतर कमी असतं, तेव्हा पाचाच्या आत ठेवा. आईंसाठी तीनपासून सुरुवात करा.

दुसरी गोष्ट कन्व्हर्जन्स. कोणती वस्तू नेमकी पडद्याच्या पातळीवर दिसणार ते त्याने ठरतं. जिओ-११ कडे वळाल तेव्हा दोन्ही कळांवर बदलता येतील. थ्रीडी व्हिजनपासून चालत आलेल्या कळा आहेत, कंट्रोल धरून एफ३-एफ४ ने सेपरेशन, एफ५-एफ६ ने कन्व्हर्जन्स. हातातली बंदूक नाकाशी आली असेल तर कन्व्हर्जन्स जास्त झालाय. मोशन ब्लर बंदच ठेवा.

शटरबहाद्दर

डाव्या-उजव्या डोळ्यांची अदलाबदल झालेली नाही ना तेही बघा. उलटं असलं तरी काहीतरी खोल दिसतंच, फक्त डोकं भणभणतं. सेटिंगमध्ये अदलाबदल करून पाहा, भिंतीवरचं चित्र भिंतीच्या आत गेलं तर आधीचंच बरोबर होतं.

आणि आईंचा एक डोळा फार कमजोर असेल तर त्यांना खोली दिसणारच नाही, उगाच त्यांच्या मागे लागू नका.

टेकडीरोड

पट्टीने मोजलं, साडेनऊ येत होतं! तीनवर आणलं. आई अर्धा तास बसली, वर "मासे छान आहेत" म्हणाली. शनिवारी बर्डीवर.

बंटी_बर्डीवाला

येताना एसएमपीएस ८० प्लस ब्रॉन्झचा घ्या भाऊ, ६५० चा लोकल स्वस्तात देईन म्हणन कोनी, घेऊ नका. अन् तुमचा यूपीएस ६०० व्हीएचा असन तं तो ३६० वॅटच देते. गेम चालू असताना लाइट गेली तं तो पिपाणी वाजवून बसन. महिन्याभरानं आंधी-पाण्याचे दिवस येतात, लाइटीचा भरवसा नाई.

टेकडीरोड

३०६० १२ जीबी घेतलं. बिल आहे, वॉरंटी वर्षभर शिल्लक आहे. ५५० चा ब्रॉन्झ एसएमपीएस. दुकानात लोड दिला तेव्हा कोर ७१, हॉटस्पॉट ८४. दुकानदार म्हणाला, "हॉटस्पॉट तो आजतक किसीने नहीं पूछा." बंटीभाऊ, तर्री पोहे माझ्याकडून.

जिओ-११ लागलं. शटरबहाद्दर म्हणतात त्यात तथ्य आहे, सुपरडेप्थपुढे हे वेगळंच. झाडाच्या पानापानात अंतर दिसतं, कडांची थरथर नाही. बहुतेक ठिकाणी ६० मिळतात, गर्दीत ४५ वर येतं, सावल्या एक पायरी कमी केल्या की परत ६०.

एक प्रश्न. रिमोटवरचं थ्रीडी बटण दाबून टॉप-बॉटम लावलं की माउस जड लागतो, हात आधी आणि बाण मागून. टूडीत असं होत नाही.

ध्रुवित

थ्रीडी मोडमध्ये टीव्ही आधी चित्र सोडवतो, ताणतो, ओळी विणतो, मग दाखवतो. त्यात वेळ जातो, आणि गेम मोडही बऱ्याचदा बंद होतो.

पॅसिव्हवर यातून सुटता येतं. फिल्म तर पडद्यावर कायमच असते. मग ओळी विणायचं काम टीव्हीला न देता पीसीकडून करून घ्या. जिओ-११ मध्ये टॉप-बॉटमऐवजी इंटरलेस्ड लिहा, टीव्ही टूडीतच ठेवा, चष्मा घाला. टीव्हीच्या लेखी ते साधं चित्र आहे, तो मध्ये पडत नाही.

पण पीसीची एक ओळ म्हणजे टीव्हीची नेमकी तीच ओळ असायला हवी. आस्पेक्ट रेशोमध्ये जस्ट स्कॅन निवडा, नाहीतर टीव्ही कडा कापून चित्र किंचित ताणतो आणि सगळी वीण बिघडते. शार्पनेस शून्य, नॉइज रिडक्शन बंद. रिझोल्यूशन १९२० बाय १०८०, विंडोजचं स्केलिंग गेमच्या आड येऊ देऊ नका.

टेकडीरोड

झालं! माउस हलका. पण आता लाल अक्षरं आणि लाल लाइफ-बार दुहेरी दिसतोय, बाकी सगळं स्वच्छ. दिवाणावरच बसलोय.

वाळ्याचीताटी

हे मला माहीत आहे, आमच्याकडेही झालं होतं. टीव्ही रंगाची माहिती शेजारच्या ओळींमध्ये सरासरी करून टाकतो. उजेड-अंधार प्रत्येक ओळीचा वेगळा राहतो, रंग मात्र मिसळतो, म्हणून लाल आणि निळं फुटतं. इनपुट लिस्टमध्ये त्या एचडीएमआयचं नाव बदलून पीसी करा. नाव दिसायला नुसतं लेबल आहे, पण ते दिलं की टीव्ही रंगाला हात लावत नाही. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये आउटपुट आरजीबी, फुल.

टेकडीरोड

ताई, लाल सुटलं.

पाहुणा_वर्धेचा

वाचनमात्र होतो, आता विचारतो. माझा सोनी आहे, बॅटरीचे चष्मे. ट्यूबलाइट लावली की सगळी खोली फडफडते, बंद केली की ठीक. टीव्ही बिघडलाय का?

शटरबहाद्दर

टीव्ही ठणठणीत आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तांब्याच्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तुमचा चष्मा एकेका डोळ्याला सेकंदाला ६० वेळा उघडतो. दोन्हींचा मेळ बसत नाही, त्यातली तफावत फडफडीसारखी दिसते. ट्यूब बंद करा किंवा चांगला एलईडी लावा. गेम फ्रेम पॅकिंगमध्ये ७२० वर लावा, टीव्ही आपोआप थ्रीडीत जाईल. कार्डाचं म्हणाल तर ७२० ला तुम्हाला यांच्यापेक्षा हलकं चालेल.

टेकडीरोड

शेवटचा प्रश्न. भाच्याचे तीन मित्र येतात आता, चष्मे चारच आहेत. ऑनलाइन मिळतात त्यातले कोणते चालतील?

ध्रुवित

वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे, म्हणजे सर्क्युलर लिहिलेले हवेत. लिनियर चालणार नाहीत. थिएटरात रिअलडीचे मिळतात ते या टीव्हीवर चालतात. नंबरवाल्यांसाठी क्लिप-ऑन मिळतात, एका चष्म्यावर दुसरा चढवण्यापेक्षा ते बरे. मुलांसाठी लहान आकाराचे बघा, मोठे नाकावरून घसरतात आणि मग पोरं मान वर करून बघतात.

बंटी_बर्डीवाला

थेटरातले वापस करा लागतात भाऊ, घेऊन येऊ नका.

टेकडीरोड

नाही हो! क्लिप-ऑन दोन आणि लहान तीन मागवले.